डावे त्याचे, उजवे तिचे

मला एका शब्दाचा राग आहे. शब्दाचा कसला राग करायचा, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. तो शब्द म्हणजे ‘बिनसलं’.

लग्न मोडलं, का हो? बिनसलं. दोन जिवलग मित्र एकाच गल्लीत राहून एकमेकांना बघून रस्ता ओलांडतात, का? बिनसलं. भागीदारी तुटली, सासू-सून वेगळ्या झाल्या, भावानं भावाला खिडकीतून शिव्या घातल्या, सगळ्याला एकच औषध. भांडण झालं म्हटलं की लोक विचारतात, सुरुवात कोणी केली? मारलं म्हटलं की विचारतात, कोणी मारलं? पण बिनसलं म्हणा, की मान हलवतात, ‘अरेरे’ म्हणतात आणि आपल्या कामाला लागतात. दूध नासावं तसं दोन माणसांचं नासलं, कोण काय करणार! अहो, दूधसुद्धा आपलं आपण नासत नाही, कोणीतरी तापवायचं विसरलेलं असतं. वितुष्ट काय, बेबनाव काय, दुरावा काय, सगळे या बिनसलंचेच चुलत भाऊ. जरा शिकलेल्या घरात जातात एवढाच फरक. यायचे ते बिनबोलावता येतात, आणि कोणी आणले म्हणाल तर सगळ्यांचे हात वर.

माझ्या बाबांचं आणि आत्याचं बिनसलं, हे आमच्या रस्त्यावर कोणीही सांगेल. मी त्या सकाळी तिथे होते. बिनसलंबिनसलं काही नव्हतं. काय झालं ते सांगते, पण त्याआधी आजोबांपासून सुरुवात करावी लागेल, कारण घोळ त्यांनी घातला.

आजोबा जोडे बनवायचे. पण कुठल्याही दुकानातला जोडा ज्यांना होत नाही अशा पायांचे. कोणाचा एक पाय आखूड, कोणाचं पाऊल आत वळलेलं, कोणाची बोटं यंत्रात गेलेली, कोणाचा घोटा कायमचा सुजलेला. असं माणूस आलं की आजोबा त्याचा पाय मांडीवर घ्यायचे, कागदावर ठेवून पेन्सिल फिरवायचे, टेपनं मापं घ्यायचे, आणि मग त्या पायाचा लाकडी साचा तासायचे. त्याला कलबूत म्हणतात. कलबुतावर चामडं ताणून जोडा शिवायचा. एका माणसाची दोन कलबुतं, डाव्याचं वेगळं, उजव्याचं वेगळं, आणि आमच्या गिऱ्हाइकांची तर दोन्ही एकमेकांशी ओळखही नसल्यासारखी.

आजोबांना मुलं दोन. मोठे माझे बाबा, धाकटी आत्या. दोघांनाही हातात कला होती आणि दोघांच्याही जिभेला हाड नव्हतं. लहानपणी पाटीवरून भांडायचे, मोठेपणी चामडं कापायची रापी कोणाची, टोचायची आरी कोणाची यावरून. आजोबा वैतागले. एक दिवस त्यांनी दुकानातली सगळी कलबुतं खाली काढली, जोड्या फोडल्या, आणि डावीकडच्या भिंतीवर सगळे डावे पाय लावले, उजवीकडच्या भिंतीवर सगळे उजवे. बाबांना म्हणाले, “डावे तुझे.” आत्याला म्हणाले, “उजवे तुझे. आता भांडा मनसोक्त. बघू एका पायानं कोण किती लांब जातंय ते.”

तेव्हापासून आमच्या दुकानात प्रत्येक जोडीतला डावा जोडा बाबांनी शिवला आणि उजवा आत्यानं. हसू नका, खरं आहे. बाबा डाव्या भिंतीला पाठ करून बसायचे, आत्या उजव्या. मध्ये एक टेबल. दोन्ही जोडे तयार झाले की त्या टेबलावर शेजारी-शेजारी ठेवायचे आणि जुळवायचे. टाच सारखी आहे का, चामड्याचा रंग मिळतोय का, चालताना माणूस एका बाजूला कलणार तर नाही ना. तिथे त्यांना बोलावंच लागायचं.

“दादा, तुझी टाच जाड झालीय.”

“माझी बरोबर आहे. तुझी मुळात पातळ.”

“पातळ कशी? तुझे डोळे जाड झालेत.”

आणि मग कोणीतरी एक टाच तासायला घ्यायचं. रस्त्यावरचे लोक दोघांना डावा आणि उजवी म्हणायचे. आजोबांना आपल्या या युक्तीचा इतका अभिमान होता की शेवटच्या आजारातसुद्धा भेटायला येणाऱ्याला तेच ऐकवायचे. पोरांना असं बांधून ठेवलंय की सुटतो म्हटलं तरी सुटता येणार नाही. बिचारे त्याच समाधानात गेले.

आत्यानं लग्न केलं नाही. विचारलं की म्हणायची, “आयुष्यभर लोकांचे पाय मांडीवर घेतले, आता एकाचेच घेऊन काय करू?” राहायची दोन गल्ल्या सोडून, आजोबांच्या जुन्या खोलीत. सकाळी दुकान ती उघडायची, कारण बाबांना उठायचा कंटाळा. आम्ही दुकानाच्या वरच राहायचो आणि तिच्या किल्लीच्या आवाजानं मला जाग यायची. मला ती ठमाबाई म्हणायची. मी कॉलेजात गेले तरी ठमाबाईच.

आजोबा गेल्यावर बाबांच्या डोक्यात तयार जोड्यांचं दुकान शिरलं. काचेची दर्शनी बाजू, दिवे, खोक्यांच्या चळती. त्यात चूक होतं असं मी म्हणत नाही. आज त्याच दुकानाच्या गल्ल्यावर मी बसते, त्यावरच आमचं घर चालतं. पण आत्या नको म्हणाली.

“लोकांना आता थांबायला वेळ नाही, छोटे,” बाबा म्हणायचे. “आला, घातला, गेला. असं पाहिजे.”

“आणि ज्याचा एक पाय आखूड आहे त्यानं काय करायचं? वेळ नाही म्हणून ओढून लांब करायचा?”

हे भांडण बरेच दिवस चाललं. ते भांडण होतं, मान्य. दोघांनीही एकमेकांना काय काय ऐकवलं, तेही मान्य. आत्याची जीभ म्हणजे रापीच. एकदा ती गिऱ्हाइकासमोर बाबांना म्हणाली, “तुझ्या हातात बाबांची कला आली, पण डोकं मात्र खोकेवाल्याचं आलं.” हे तिनं बोलायला नको होतं. पण भांडण वेगळं आणि त्या सकाळी जे झालं ते वेगळं, एवढंच माझं म्हणणं आहे.

त्या सकाळी मला किल्लीचा आवाज आला, पण कुलूप उघडल्याचा आला नाही. किल्ली नुसती खडखडत राहिली. मी गॅलरीत आले. खाली आत्या दारापाशी वाकून उभी होती. शेजारी पायरीवर तिचं स्टूल, तिचा एप्रन घडी घालून, तिची रापी आणि आरी एका डब्यात, आणि भिंतीला टेकून ठेवलेल्या गोण्या. गोण्यांत उजव्या पायांची कलबुतं होती. सगळी. एकूण एक वर्तमानपत्रात गुंडाळून, लागू नयेत म्हणून. बाबांनी कुलूप बदललं होतं. वाटणी मात्र चोख केली होती, एक उजवं कलबूत स्वतःकडे ठेवलं नव्हतं. माझ्या बापाचा हा प्रामाणिकपणा आठवला की आजही तळपायाची आग मस्तकाला जाते.

आत्यानं वर पाहिलं. बाबा माझ्या शेजारच्या खिडकीत उभे होते.

“दादा,” ती म्हणाली, “कुलूप बिघडलंय का रे?”

बाबांनी खिडकी लावून घेतली.

मी धावत खाली गेले. आत्या तोवर गोणीत डोकावली होती. एक पुडकं सोडून तिनं हातातल्या उजव्या पायाकडे पाहिलं आणि परत कागदात गुंडाळलं. रडली नाही. “ठमाबाई, एक टोक धर,” म्हणाली. आम्ही दोघींनी हातगाडी बोलावून गोण्या चढवल्या. शेजारची बाई कचरा टाकायला आली होती, ती थांबून बघायला लागली. आई जिन्यात उभी होती. त्या बाईला काहीतरी सांगणं भाग होतं. आई म्हणाली, “काही नाही हो. त्या दोघांचं जरा बिनसलंय.”

झालं. तो शब्द आईनं दारात उच्चारला आणि बाबांनी तो आयुष्यभर वापरला. ज्यानं कुलूप विकत आणलं, ज्यानं बसून एकेक पाय कागदात गुंडाळला, तो माणूस विचारणाऱ्याला खांदे पाडून सांगायला लागला, “काय करणार, बिनसलं आमचं.” लोक त्यालाच चहा पाजायला लागले.

आत्यानं एका इमारतीच्या तळघरातली खोली घेतली. रस्त्यावरून चार पायऱ्या उतरून जायचं. खोलीला एकच खिडकी, ती वर, फुटपाथच्या पातळीला. तिच्यातून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसायचे. आत्याला ती खोली त्या खिडकीसाठीच आवडली असावी. खाली मान घालून शिवता शिवता म्हणायची, “पोस्टमन आला. आज त्याची टाच दुखतेय.” आणि खरंच पोस्टमन यायचा.

तिच्याकडे नुसते उजवे. बाबांकडे नुसते डावे. आजोबांची युक्ती अशी फळाला आली. आत्या प्रत्येक गिऱ्हाइकाला निरोप पाठवून बोलावायची आणि त्याच्या डाव्या पायाचं कलबूत नव्यानं तासायची. बाबांना तर डाव्यांची गरजच नव्हती, ते तयार जोडे विकत होते. त्यांनी काय करावं? सगळे डावे पाय घासूनपुसून, पॉलिश करून काचेत मांडले. वर छोटे दिवे सोडले. शोभेला.

आमच्याकडे एक मास्तरीणबाई फार जुन्या गिऱ्हाईक. त्यांचा डावा पाय आखूड, त्यामुळे त्यांच्या डाव्या जोड्याला उंच तळ. त्यांचं डावं कलबूत काचेत मधोमध होतं. त्या बाबांकडे आल्या, म्हणाल्या, “माझा पाय तेवढा द्या, तुमच्या बहिणीकडे नेते.” बाबा म्हणाले, “बाई, ते शोकेसचं आहे. तुम्हाला छान तयार जोडा दाखवतो.” मास्तरीणबाई आल्या तशा परत गेल्या. आत्यानं त्यांचं नवं कलबूत करेपर्यंत त्या जुन्या जोड्यात फडकं कोंबून वर्गात उभ्या राहिल्या. माझ्या देखत झालं हे. मी बाबांशी भांडले, तर म्हणाले, “तू गप्प बस. तुला आतलं काही माहीत नाही.”

नातेवाईक मध्ये पडले नाहीत असं नाही. नातेवाईक मध्ये पडायला टपलेलेच असतात. चार-दोन जण तळघरात जाऊन आत्याला समजावून आले. त्यातले एक काका मला नेहमी आठवतात. ते आत्याला म्हणाले, “हे बघ, टाळी एका हातानं वाजत नाही.”

आत्या म्हणाली, “थप्पड वाजते की.”

काका जरा मागे सरकून बसले. मग म्हणाले, “तुला हवंय तरी काय? दुकानात वाटा हवा का?”

“वाटा त्यानं दिलाय. गोणीत भरून दिलाय. मला वाटा नको, माफी नको. दादानं चार लोकांसमोर एकदा म्हणावं, मी हिला काढलं. बस. त्याच दिवशी मी त्याच्याकडे जेवायला येते.”

काका हसले. एवढंच ना, म्हणाले. त्यांना वाटलं, सोपं आहे. ते बाबांकडे गेले आणि परत आत्याकडे आलेच नाहीत.

मीच म्हणायचे मग. गल्ल्यावर कोणी विषय काढला की सांगायचे, बिनसलं नव्हतं हो, बाबांनी तिला काढलं, मी पाहिलंय. लोक माझ्याकडे कौतुकानं बघायचे. पोरी आत्याच्याच बाजूच्या असतात, म्हणायचे. आत्याला सांगितलं तर ती उलट चिडली. “तू कशाला म्हणतेस? तू काढलंस का मला? ज्यानं काढलं त्याच्या तोंडून पाहिजे.”

अशी वर्षं गेली. माझं लग्न झालं, आई गेली, आत्याचे केस पांढरे झाले. तळघरातलं काम तिचं चाललं, बऱ्यापैकी चाललं. तिनं कोणाचं वाईट केलं नाही. फक्त कोणी सहज जरी म्हणालं, “तुमचं आणि भावाचं काय बिनसलं हो?” की हातातली आरी खाली ठेवून शांतपणे सांगायची, “बिनसलं नाही. काढलं.” एकही वेळ चुकवली नाही. कंटाळा आला नसेल का तिला? आला असेल. पण सोडलं असतं तर त्या सकाळी झालं ते खोटं ठरलं असतं, असं तिला वाटायचं. मला ते पटायचं.

मग बाबांना साखरेनं धरलं. आधी डोळे, मग पाय. उजव्या पायाची तीन बोटं काढावी लागली. पाय पण कुठला, तर उजवा, तिच्या वाट्याचा. डॉक्टरांनी बजावलं की आता पायाच्या आकाराचा जोडा करून घ्या, तयार जोडा घालू नका, घासलं की जखम होईल, जखम झाली की भरणार नाही. आमच्या दुकानात खोक्यांच्या चळती होत्या छतापर्यंत. त्यातला एकही जोडा मालकाच्या पायाला चालणारा नव्हता.

“आत्याकडे चला,” मी म्हणाले.

चार दिवस नाही-नाही केलं. पाचव्या दिवशी आले.

आम्ही फुटपाथवर पोचलो तेव्हा खाली ठोकण्याचा आवाज थांबला. पायऱ्या उतरून आत गेलो तर आत्या दाराकडे तोंड करून उभी होती. खिडकीतून तिनं पाय ओळखले होते, तीन बोटं नसलेलेसुद्धा. आत मास्तरीणबाई बसल्या होत्या आणि आणखी एक बाई मुलीच्या जोड्यासाठी थांबली होती.

आत्यानं बाबांना खुर्चीवर बसवलं. समोर आपलं स्टूल ओढलं, तेच ते, पायरीवर ठेवलेलं. बाबांचा पाय मांडीवर घेतला, पट्टी सोडली, आणि बराच वेळ नुसता हातात धरून बसली. “किती उशीर केलास रे, दादा,” म्हणाली. मला वाटलं, संपलं सगळं. बाबांचे डोळे भरून आले होते. तिनं कागदावर पाय ठेवून पेन्सिल फिरवली, टेपनं मापं घेतली, जिथे बोटं नव्हती तिथे अंगठ्यानं हलकेच दाबून विचारलं, “इथे दुखतं? आणि इथे?” इतक्या मायेनं की ती दुसरी बाई मुलीला म्हणाली, “बघ कशी प्रेमानं माप घेतायत.”

माप घेऊन झालं. आत्यानं पट्टी परत बांधली.

“जोडा करते मी,” ती म्हणाली. “आपले बाबा करायचे तसा करते. फक्त एक सांग, दादा. या दोघी बसल्यायत, त्यांच्यासमोर सांग. त्या सकाळी काय झालं होतं?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मनातल्या मनात म्हणत होते, म्हणा ना, बाबा. एक वाक्य आहे. कोण खातंय तुम्हाला?

“जुनं कशाला उकरतेस, छोटे,” बाबा म्हणाले. “बिनसलं होतं आपलं तेव्हा. होतं असं घरोघरी.”

आत्यानं टेप गुंडाळला. सावकाश, घट्ट. खिशात टाकला.

“बरं. मग हा जोडाही होईल असाच आपोआप. घरी जा आणि वाट बघ.”

ती दुसरी बाई हसली, तिला वाटलं बहीण-भावाची थट्टा चाललीय. मास्तरीणबाई हसल्या नाहीत. बाबा उठले आणि माझा हात न धरता पायऱ्या चढून गेले.

पण आत्यानं जोडा केला. आठवड्यानं मी गेले तर कलबूत तासून तयार होतं. त्यावर मऊ चामडं चढलं होतं, बोटांच्या जागी आत गादी भरून दुहेरी अस्तर लावलं होतं, टाके इतके बारीक की दिसू नयेत. असा जोडा तिनं कोणासाठीच केला नसेल. फक्त त्याला तळ नव्हता. तळ कापून शेजारी ठेवला होता, खिळे वाटीत.

“लाव ना, आत्या.”

“त्याचं वाक्य आलं की लावते. खिळे मारायला असा किती वेळ लागतो?”

“ते आजारी आहेत गं.”

“मग लवकर म्हणायला सांग.”

मी घरी येऊन बाबांना सांगितलं की जोडा तयार आहे, तुम्ही फक्त म्हणा. ते म्हणाले, “मी तिला काढलं असं म्हटलं तर लोक काय म्हणतील?”

“लोकांना सगळं माहीत आहे, बाबा.”

“माहीत आहे ना? मग म्हणायचं कशाला?”

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. आणि पीळ एकाच्याच अंगात होता असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? मी इकडून तिकडे, तिकडून इकडे जात राहिले. तिला म्हणायचे, तू मोठेपणा घे. ती म्हणायची, मोठा तो आहे, मी धाकटी. त्यांना म्हणायचे, तुम्ही एक पाऊल पुढे टाका. ते म्हणायचे, पाऊल राहिलंय कुठे? विनोद करायला दोघांनाही जीव होता.

बाबा दुकानातलाच एक तयार जोडा घालायला लागले, एक नंबर मोठा, पुढे कापूस कोंबून. मी ओरडले, लपवून ठेवला, त्यांनी दुसरा काढला. दुकान त्यांचंच. पायाला लाल चट्टा पडला, मग फोड आला, मग जखम.

एक दिवस ते मला न सांगता गेले. हे मला नंतर आत्यानं सांगितलं. ती शिवत होती, आणि खिडकीत ते पाय येऊन थांबले. मोठा जोडा, बाजूनं कापूस बाहेर आलेला. तिनं हातोडी खाली ठेवली. खोलीत दोन-तीन गिऱ्हाइकं होती, म्हणजे ऐकायला माणसंही होती. पाय पहिली पायरी उतरले. दुसरी उतरले. तिथे थांबले. आत्या म्हणाली, “मी उठलेच होते, ठमाबाई. तळ हातात घेतला होता.” मग ते पाय वळले आणि वर गेले. दोनच पायऱ्या राहिल्या होत्या.

“तू का नाही गेलीस वर?” मी विचारलं.

“मी का जाऊ? मी कधीच गेले नव्हते. मला काढलं होतं.”

मी त्या दिवशी पहिल्यांदा तिच्यावर ओरडले. नको नको ते बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि पुढचा टाका घातला.

जखम वर चढली. डॉक्टर म्हणाले, आता उशीर झाला. उजवा पाय गुडघ्याखाली काढला. मी दवाखान्यातून थेट तळघरात गेले. दारातच सांगितलं, “पाय काढला, आत्या.”

ती उठली, फळीवरून तो जोडा घेतला, ऐरणीवर उपडा ठेवला, तळ बसवला आणि वाटीतले खिळे एकेक करून मारले. सगळे मारले. कडा तासल्या, मेण लावलं, फडक्यानं चमकवला. मी बघत बसले होते, मला तिला थांबवायचंही सुचलं नाही. तो पुरा झालेला उजवा जोडा तिनं परत फळीवर ठेवला. फार सुंदर जोडा होता, आणि आता जगात त्याला पाय नव्हता.

बाबा घरी आले. कुबड्या शेजारी ठेवून काचेसमोर बसतात, मागे सगळे डावे पाय दिव्याखाली चकाकत असतात. पायाचं कसं झालं विचारलं तर म्हणतात, “चिघळलं.” लोक अरेरे म्हणतात.

परवा मी आत्याकडे डबा घेऊन गेले होते. मास्तरीणबाई आल्या होत्या, तळ झिजला म्हणून. बसल्या बसल्या त्यांची नजर फळीवर गेली. त्यांनी त्या दिवशी माप घेताना पाहिलं होतं, सगळं ऐकलं होतं. म्हणाल्या, “हा तुमच्या भावाचा ना? एवढा छान करून ठेवलात, मग दिला का नाही हो?”

आत्याच्या हातात सुई होती. ती दोरा ओवत होती. पहिल्यांदा ओवला गेला नाही, तिनं टोक ओलं करून परत ओवला. मी थांबले होते. मला वाटलं, आता ती नेहमीसारखी सुई खाली ठेवेल, बाईंच्या डोळ्यांत बघेल आणि काय झालं ते सांगेल. मी दिला नाही, असं म्हणेल. आयुष्यभर तिनं दुसऱ्या कोणाकडून एवढंच तर मागितलं होतं.

“द्यायचाच होता,” ती दोऱ्याला गाठ मारत म्हणाली. “पण नंतर जरा बिनसलं.”

मी तिच्याकडे बघत राहिले. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मास्तरीणबाईंनी मान हलवली, अरेरे म्हणाल्या, आणि आपला उंच तळाचा जोडा काढून तिच्यापुढे ठेवला.